पंधरा मीटरांत पृथ्वी

कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराज टर्मिनसपासून मुंबईच्या सीएसएमटीपर्यंत लोहमार्गानं अंतर ५१८ किलोमीटर. महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री सुटते, सकाळी पोचते. आता याच रुळांवर दोघांची शर्यत लावू: एक रेडिओलहर आणि एक आवाज. वाटेत आवाज विरणार नाही, एवढं खेळापुरतं धरून चालू.

रेडिओलहर मुंबईत पोचते १.७ मिलिसेकंदांत. पापणी लवायला साधारण ३०० मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात तिच्या कोल्हापूर-मुंबई-कोल्हापूर अशा ८६ खेपा पुऱ्या होतात! आणि आवाज? हवा २३ अंशांच्या आसपास असेल तर तो सेकंदाला ३४५ मीटर चालतो. त्याला मुंबई गाठायला लागतात पंचवीस मिनिटं.

या दोन वेगांचा भागाकार करा. उत्तर येतं सुमारे ८ लाख ६९ हजार. हा आकडा लक्षात असू द्या, कारण पुढची सगळी गंमत त्याच्याच जिवावर आहे.

गंमत अशी. शेतात, पुलावर, धरणाच्या भिंतीवर, डोंगरकड्यावर हल्ली छोट्या छोट्या डब्या बसवतात. डबीत एक सेन्सर, एक चिमुकला संगणक, एक बॅटरी आणि एक रेडिओ. सेन्सर ओल मोजतो, पाण्याची पातळी मोजतो, हादरा मोजतो, आणि डबी तो आकडा शेजारच्या डबीला सांगते. शेजारची तिच्या शेजारच्या डबीला. असं करत निरोप मुक्कामी पोचतो. हे झालं बिनतारी सेन्सरांचं जाळं, आणि त्यातली प्रत्येक डबी म्हणजे एक नोड. पण शंभर नोड उसात नेऊन पेरले आणि तिथं ते एकमेकांशी बोललेच नाहीत तर? पैलवानाला थेट खासबागेच्या मैदानात कोणी सोडत नाही. आधी तालमीत घुमवतात. या डब्यांच्या तालमीला टेस्टबेड म्हणतात.

आणि तालमी केवढाल्या! अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठानं एका इमारतीत खोलोखोली मिळून १९० नोड बसवले होते. ओहायोच्या संशोधकांनी डिसेंबर २००४ मध्ये फ्लोरिडात १.३ किलोमीटर लांब आणि ३०० मीटर रुंद माळावर सुमारे हजार नोड अंथरले. क्षेत्रफळ काढा: ९६ एकर! करवीर तालुक्यातल्या किती शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र केल्या म्हणजे ९६ एकर होतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

आपल्याकडं ९६ एकर नाहीत. हजार नोडही नाहीत. आहे एक पंधरा मीटर लांबीचा वर्ग, आणि घरोघरच्या कपाटांत पडलेले जुने मोबाईल. देशात ११५ कोटींहून जास्त मोबाईल जोडण्या आहेत, तेव्हा जुन्या फोनांची ददात नाही. प्रत्येक फोनात एक स्पीकर, एक माईक, एक घड्याळ आणि एक संगणक असतोच असतो. मग रेडिओ बंद करायचा आणि त्या फोनांना आवाजानं बोलायला लावायचं. एकानं चिर्रर्र करायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. झाला टेस्टबेड! अँटेनाच्या जागी स्पीकर आणि माईक, आणि बाकी सगळं तेच.

आता तो भागाकार बाहेर काढा. आवाज रेडिओपेक्षा ८ लाख ६९ हजार पटींनी हळू. म्हणजे आवाजाला १ मीटर जायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात रेडिओ ८६९ किलोमीटर जातो. एका बाकावरून शेजारच्या बाकावर आवाज पोचेपर्यंत रेडिओलहरीनं महाराष्ट्र आडवा कापलेला असतो. वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत १५ मीटर. रेडिओच्या हिशेबात १३ हजार किलोमीटर. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर आहे! अख्खी पृथ्वी एका वर्गात मावली, आणि वर खडू ठेवायला थोडी जागाही उरली.

थांबू नका, वर्गाबाहेर चला. पृथ्वीचा घेर ४०,०७५ किलोमीटर. आपल्या मापानं ४६ मीटर, म्हणजे कॉलेजचा एक व्हरांडा. दूरचित्रवाणीचे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. आपल्या मापानं ४१ मीटर. विजापूरचा गोलघुमट आठवतो? आतला व्यास ३८ मीटरांच्या घरात. तिथल्या गॅलरीत एका टोकाला कुजबुजलेलं दुसऱ्या टोकाला ऐकू जातं, आणि ती कुजबूज समोरच्या भिंतीपर्यंत पोचायला जेवढा वेळ घेते, जवळपास तेवढ्याच वेळात टीव्हीचा सिग्नल उपग्रहावरून आपल्या गच्चीवरच्या छत्रीत उतरतो. मुहम्मद आदिलशहानं सतराव्या शतकात बांधलेली इमारत आणि अंतराळातला उपग्रह, दोघांचा हिशेब एकाच रकान्यात!

चंद्र? ३,८४,४०० किलोमीटर. आपल्या मापानं ४४२ मीटर. शिवाजी विद्यापीठाचा परिसर ८५३ एकरांचा. तो चौरस धरला तर एक बाजू होते साधारण १,८५८ मीटर. म्हणजे विद्यापीठाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला आवाज जाईपर्यंत रेडिओलहर चंद्रावर जाऊन परत येते, पुन्हा जाते, पुन्हा परत येते, आणि तरी वेळ उरतोच.

आणि सूर्य! पंधरा कोटी किलोमीटरांवरचा सूर्य. भागा ८ लाख ६९ हजारांनी. उत्तर १७२ किलोमीटर. मुंबईहून पुण्याला रेल्वेनं १९२ किलोमीटर लागतात. म्हणजे सीएसएमटीवर गाडीत बसलात, तर घाट चढून, लोणावळा, तळेगाव मागं टाकून आकुर्डी-चिंचवडच्या आसपास तुम्हाला सूर्य लागेल. पुणे अजून यायचंच आहे!

एवढ्यावरून कोणी म्हणेल, मग वर्गातला टेस्टबेड म्हणजे पृथ्वीएवढं जाळं झालं की. थोडं थांबा, कारण इथं एक कान पिळायची खुंटी आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट तीच.

सेन्सरांचे नेहमीचे रेडिओ सेकंदाला अडीच लाख बिट बोलतात. त्यांचा मोठ्यात मोठा निरोप १२७ बाइटांचा, आणि तो उच्चारायला ४ मिलिसेकंद लागतात. कोल्हापुरातून निरोपाचं शेपूट बाहेर पडेपर्यंत त्याचं डोकं १,२०० किलोमीटर पुढं, हवाई मार्गानं ग्वाल्हेरच्याही पलीकडं गेलेलं असतं. आता वर्गातल्या आवाजाच्या नोडांनी अगदी हुबेहूब, सगळ्याच गोष्टी ८ लाख ६९ हजार पटींनी संथ करून बोलायचं ठरवलं तर? एक बिट उच्चारायला साडेतीन सेकंद. आणि चार मिलिसेकंदांचा तो निरोप संपायला ५९ मिनिटं! बाहेर जाऊन मिसळ खाऊन, कट मागून, परत या. निरोप अजून चालूच असेल. जे डोळ्याला, कानाला, कशालाच सापडत नव्हतं ते तासभर तुमच्यासमोर उलगडत राहतं.

इतकं संथ कोणी ठेवत नाही. मग खुंटी पिळा. सेकंदाला १,००० बिटांवर आणा. आता १५ मीटर ओलांडेपर्यंत हवेत ४३ बिट तरंगत असतात. रेडिओच्या जाळ्यात एवढेच ४३ बिट हवेत राहायला अंतर किती लागेल? ५२ किलोमीटर. म्हणजे वर्ग झाला जवळपास कोल्हापूर ते सांगली. आणखी पिळा, ४,००० बिटांवर न्या. अंतर झालं २०८ किलोमीटर. तोच वर्ग, तेच बाक, तेच फोन, पण आता आत मुंबई-पुणे रेल्वेमार्ग मावून वर सोळा किलोमीटर शिल्लक! भिंती जागच्या जागी, आणि मुलुख मात्र बोटाच्या एका पिळीनं लहानमोठा होतोय. नाद खुळा!

आता वेळेचं बघू. जाळ्यातल्या नोडला आपण कुठं आहोत हे कळावं लागतं, आणि ते कळतं शेजाऱ्यापासूनच्या अंतरावरून. अंतर कळतं लहर पोचायला लागलेल्या वेळावरून. एक सेंटिमीटरपर्यंत अचूक अंतर हवं असेल, तर रेडिओसाठी एका सेकंदाचे तुकडे करावे लागतात ३ हजार कोटी. आवाजासाठी? साडेचौतीस हजार.

दर तुकड्याला एक रुपया धरा. आवाजाचा खर्च साडेचौतीस हजार रुपये, म्हणजे पाचशेच्या ६९ नोटा. पाचशेची नोट १५ सेंटिमीटर लांब. ६९ नोटा टोकाला टोक लावून मांडल्या तर १० मीटर ३५ सेंटिमीटर, वर्गातच मावल्या. रेडिओचा खर्च ३ हजार कोटी, म्हणजे पाचशेच्या सहा कोटी नोटा. त्या ओळीनं मांडायला बसलात तर रांग जाईल ९ हजार किलोमीटर. कोल्हापूरहून मुंबईपर्यंत रुळांवर नोटा, मग परत, मग पुन्हा, असं सतरा वेळा करूनही बंडलं संपणार नाहीत.

आणि साध्या फोनाचा माईक सेकंदाला आवाजाचे किती तुकडे घेतो? ४४,१००. लागतात साडेचौतीस हजार, आणि खिशात आहेत चव्वेचाळीस हजार! एकेका तुकड्यात आवाज पुढं सरकतो अवघे ७.८ मिलिमीटर. तेवढ्याच वेळात रेडिओलहर जाते पावणेसात किलोमीटर. ज्या यंत्राला रेडिओचं अंतर मोजताना अर्धं शहर ओलांडून गेलेलं कळत नाही, तेच यंत्र आवाजाचं अंतर बोटभर चुकत नाही.

घड्याळांची तर आणखी मजा. स्वस्त क्वार्ट्झचं घड्याळ दहा लाखांत वीस भागांनी चुकतं. ऐकायला किरकोळ वाटतं, दिवसाला १.७ सेकंद. पण रेडिओ त्या १.७ सेकंदांत ५ लाख १८ हजार किलोमीटर जातो. म्हणजे काल जुळवलेल्या घड्याळावर आज रेडिओनं अंतर मोजलंत, तर तुमचा शेजारचा बाक चंद्राच्या पलीकडं निघेल! आवाजात हीच चूक सुमारे ६०० मीटरांची होते. तीही वर्गात परवडणारी नाहीच. पण त्यावर २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या बीजिंगमधल्या संशोधकांनी ‘बीपबीप’ नावाची एक झकास युक्ती काढली. दोन फोन एकामागून एक टिटी करतात, आणि प्रत्येक जण स्वतःचीही टिटी ऐकतो आणि दुसऱ्याचीही. दोन टिट्यांच्या मध्ये किती तुकडे गेले ते प्रत्येकानं आपापलं मोजायचं, आणि दोन्ही आकड्यांची वजाबाकी करायची. घड्याळं जुळवायची गरजच नाही! चुकीचं घड्याळ असलेले दोन फोन मिळून सेंटिमीटरांत बरोबर अंतर सांगतात.

आता लहर बघा. वायफायची आणि सेन्सरांची नेहमीची लहर २.४ गिगाहर्ट्झची. म्हणजे सेकंदाला २४० कोटी हेलकावे. दर सेकंदाला एक या हिशेबानं ते मोजायला बसलात, न झोपता, न जेवता, तर ७६ वर्षं लागतील. एका सेकंदातले हेलकावे मोजायला एक आख्खा जन्म! या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. तेवढ्याच लांबीची आवाजाची लहर हवी असेल तर सेकंदाला २,७६० हेलकावे पुरतात. मोजायला किती वेळ? ४६ मिनिटं. कॉलेजचा एक तास.

२,७६० हेलकावे म्हणजे काय तर खणखणीत शिट्टी. आपल्या कानाला सगळ्यांत चांगलं ऐकू येतं ते याच टापूत. लहर तेवढीच लांब, त्यामुळं बाक, कपाट, भिंत, माणूस यांच्याभोवती ती बरीचशी वायफायसारखीच वळते, आपटते, मंदावते. फरक एवढाच की हे जाळं ऐकू येतं! कुठला नोड गप्प बसलाय, कोण मध्येच बोलतोय, कोण तेच तेच परत सांगतोय, हे दारात उभं राहून कळतं. लाखोंची उपकरणं लावून रेडिओचं जे भांडण पकडावं लागतं, ते इथं शिपाईकाकाही ओळखतील.

आणि भांडण होतंच. हवाई विद्यापीठानं जून १९७१ मध्ये बेटाबेटांवरचे संगणक रेडिओनं जोडले. अलोहा नाव त्याचं. नियम साधा: वाटेल तेव्हा बोला, दोघांचं एकत्र झालं तर थोडं थांबून पुन्हा बोला. गणितानं दाखवलं की या पद्धतीत वेळेतला जास्तीत जास्त १८.४ टक्के भाग सत्कारणी लागतो. शंभर रुपयांची वेळ खर्चा, १८ रुपये ४० पैशांचं बोलणं पदरात. बाकी नुसता कलकलाट. वर्गात तीस फोन ठेवून हाच नियम लावा आणि दार लावून ऐका, एकाऐंशी रुपये साठ पैसे कसे वाया जातात ते.

आवाजाला ताकद किती लागते? साधं बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून बाहेर पडणारा आवाज म्हणजे सरासरी दहा मायक्रोवॉट, वॉटचा एक लाखावा हिस्सा. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या ५ लाख ४९ हजार होती. ही सगळी माणसं, पेठापेठांतली, तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत, एका क्षणी बोलायला लागली, तर एकूण आवाज किती? साडेपाच वॉट! एक लहान एलईडी दिवा. आता कोल्हापूरकर सरासरी आवाजात बोलतात का, हा प्रश्न मी इथं काढत नाही.

पण ऐकणाऱ्याची कमाल त्याहून मोठी. कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज आणि कान ठणकवणारा आवाज यांच्या ताकदीतला फरक लाख कोटी पटींचा. एकावर बारा शून्यं. महाराष्ट्र सरकारचा वर्षाचा अर्थसंकल्प ७ लाख कोटी रुपयांच्या घरात असतो. त्याचा सातवा हिस्सा एका पारड्यात आणि एक रुपया दुसऱ्या पारड्यात टाकला, तर दोन्ही वजनं बरोबर सांगणारा तराजू प्रत्येकाच्या डोक्याला दोन्ही बाजूंना लावलेला आहे, आणि त्याला आपण मळ काढायच्या काडीनं टोकरत बसतो.

एका ठिकाणी मात्र आवाजानं घेतलेलं रेडिओचं सोंग उघडं पडतं. रेडिओचे वर्गातले प्रतिध्वनी सेकंदाच्या काही कोट्यांशात विझतात. त्या मानानं आवाज फार चिवट. मोकळ्या भिंतींच्या वर्गात तो सेकंदभर घुमत राहतो, तेवढ्यात ३४५ मीटर चालतो, भिंतींवर वीस-वीस, चाळीस-चाळीस वेळा आपटतो. नवा निरोप आला तरी जुन्याची घूम संपलेली नसते. उपाय जुनाच: भिंतींवर घोंगड्या टांगायच्या. सेकंदाचे चव्वेचाळीस हजार तुकडे करणारं यंत्र आणि मेंढीच्या लोकरीची घोंगडी, दोघं मिळून प्रयोग पार पाडतात.

आता वर्गातून नदीवर चला, कारण आवाजानं मोजणारे सेन्सर नुसती तालीम करत नाहीत, मैदानातही उतरतात. पुलाखाली किंवा बंधाऱ्यावर डबी टांगली, तिनं खाली पाण्याकडं ४० हजार हेलकाव्यांची टिचकी मारली, पडसाद ऐकला, वेळ मोजला की पाण्याची पातळी कळली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरात पोराटोरांना पाठ असतं. मधले चार फूट. पडसादाच्या भाषेत ते किती होतात? ७ मिलिसेकंद! इशारा आणि धोका यांच्यात पापणी लवण्याच्या चाळिसाव्या हिश्शापेक्षाही जरा कमी, एवढंच अंतर. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेलं. धोक्याच्या वर बारा फूट. पडसाद आला २१ मिलिसेकंद लवकर. त्या एकवीस मिलिसेकंदांत शहराचे किती भाग बुडाले, महामार्ग किती दिवस बंद राहिला, ते आपण पाहिलंय.

यातही एक खोच आहे. हवा तापली की आवाज वेगानं धावतो, दर अंशाला सेकंदामागं सुमारे ६० सेंटिमीटर. जानेवारीच्या पहाटे १५ अंश आणि एप्रिलच्या दुपारी ३८ अंश, यांत आवाजाचा वेग चार टक्क्यांनी बदलतो. दहा मीटर उंचीवर टांगलेली डबी तेवढ्यानं ४० सेंटिमीटर चुकेल. फूटभराहून जास्त! म्हणून त्या डबीत एक थर्मामीटरही बसवावाच लागतो. पुराच्या दिवसांत हवा इतकी बदलत नाही हे खरं, पण डबी बारा महिने टांगलेली असते.

नदीखाली जमीन, जमिनीखाली खडक, आणि खडकातही आवाज धावतो. हवेतल्यासारखा रमतगमत नव्हे, तर सेकंदाला सहा किलोमीटर. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगर ते कोल्हापूर हवाई अंतर सुमारे ९४ किलोमीटर. पहिला हलका धक्का, म्हणजे खडकातला आवाजच तो, एवढं अंतर सोळा सेकंदांत कापतो. मागून येणारा, आडवं हलवणारा जोरकस धक्का सत्तावीस सेकंदांच्या आसपास. हवेतून हाक मारली तर साडेचार मिनिटं. आणि रेडिओ? एका मिलिसेकंदाचा तिसरा हिस्सा! म्हणजे कोयनेतल्या सेन्सरनं धक्का ओळखून लगेच रेडिओनं कळवलं, तर कोल्हापूरला वीस-पंचवीस सेकंद आधी कळू शकतं. ८ लाख ६९ हजारांचा तो भागाकार खडकात पन्नास हजारांवर येतो, आणि तरीही जिना उतरायला पुरतो.

कोयनेचा खडक ऐकायला शास्त्रज्ञ किती खोल गेलेत बघा. त्या भागात दीड-दीड किलोमीटर खोलीपर्यंत विंधनं घेऊन त्यांत भूकंपमापक सोडले गेले. कराडला पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची खास प्रयोगशाळा उभी राहिली, आणि २०१७ मध्ये गोठणे गावाजवळचं विंधन तीन किलोमीटरांवर पोचलं. आपल्याकडची पन्नास फुटी विहीर घ्या. तिच्या तळाला दुसरी, दुसरीच्या तळाला तिसरी, अशा जवळजवळ दोनशे विहिरी एकीखाली एक! वरचा किलोमीटरभराहून जाड काळा कातळ ओलांडल्यावर खाली ग्रॅनाइट. तिथून निघालेला आवाज वर यायला अर्धा सेकंद घेतो.

जगात असे ऐकणारे आणखी आहेत. २००५ मध्ये इक्वेडोरच्या रेव्हेंटाडोर ज्वालामुखीवर तीन किलोमीटरांच्या पट्ट्यात सोळा बिनतारी नोड टाकले गेले. प्रत्येकाजवळ हादरा मोजायचं यंत्र आणि कानाला न ऐकू येणारा धीरगंभीर आवाज टिपणारा माईक. एकोणीस दिवसांत त्यांनी २२९ हादरे पकडले, दिवसाला बारा. ज्वालामुखी बोलतोय आणि डब्या टिपून घेतायत!

पण आवाजावाचून ज्याचं पानच हलत नाही, असं जाळं एकच: समुद्रातलं. खाऱ्या पाण्यात वायफायची लहर काही सेंटिमीटरांत गुदमरते. तिथं रेडिओ हरला, प्रकाशही फार लांब जात नाही. उरतो आवाज, आणि पाण्यात तो हवेच्या चौपटीहून वेगानं धावतो, सेकंदाला दीड किलोमीटर. मुंबई-पुणे २ मिनिटं ८ सेकंदांत. म्हणून पाण्याखालच्या सेन्सरांना बोलायला स्पीकर आणि माईकच लागतात, आणि त्यांच्या तालमी पाण्यातच होतात. केरळात इडुक्की जिल्ह्यात कुलमावूच्या जलाशयावर डीआरडीओनं २०२४ मध्ये तरंगतं चाचणी केंद्र सुरू केलं, ते याच कुळातलं.

फक्त पाण्यात घाई करून चालत नाही. पाण्याखालच्या डिजिटल संभाषणाचं ‘जानुस’ नावाचं पहिलं आंतरराष्ट्रीय मानक २०१७ मध्ये नाटोनं स्वीकारलं. त्याचा वेग सेकंदाला ८० बिट. ऐंशी! संगणकात देवनागरीच्या एकेका चिन्हाला २४ बिट लागतात. ‘पाऊस’ एवढंच म्हणायला १.२ सेकंद. शुभेच्छांचा चार मेगाबाइटचा फोटो पाठवायचा? चार दिवस पंधरा तास. एक गिगाबाइटचा सिनेमा? तीन वर्षं दोन महिने. पहिली गाणी येईपर्यंत नायकाच्या मिशा पिकतील.

आणि तरी हाच कूर्मगतीचा आवाज समुद्रात कुठवर जातो ते ऐका. जानेवारी १९९१. दक्षिण हिंदी महासागरातलं हर्ड बेट, जिथं मनुष्यवस्ती नाही, फक्त बर्फ, वारा आणि पेंग्विन. तिथं एका जहाजानं पाण्यात पावणेदोनशे मीटर खोल ध्वनियंत्रं सोडली आणि सेकंदाला ५७ हेलकाव्यांचा घुमारा सुरू केला. एकेक लहर २६ मीटर लांब, आपल्या दीड वर्गाहूनही जास्त. भारत धरून नऊ देशांचे शास्त्रज्ञ ठिकठिकाणच्या समुद्रांत माईक सोडून बसले होते. हर्ड बेट गोव्याच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला, त्याच रेखांशावर, ७,६०० किलोमीटरांवर. समुद्रातल्या आवाजाला एवढं अंतर कापायला सुमारे १ तास २५ मिनिटं लागतात. पण तो घुमारा हिंदी महासागरात थांबला नाही. एका बाजूनं आफ्रिकेला वळसा घालून अटलांटिकमध्ये शिरला, दुसऱ्या बाजूनं ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या मधून प्रशांत महासागरात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ऐकू आला. पश्चिम किनाऱ्यावरही ऐकू आला. अठरा हजार किलोमीटर! पृथ्वीच्या घेराचा जवळजवळ निम्मा भाग, एका आवाजानं, एका दमात. वेळ लागला साडेतीन तासांच्या आसपास. तेवढ्यात आपण कोल्हापूरहून गाडीनं निघालो, कराडला चहा घेतला, खंबाटकी उतरलो, तर अजून कात्रजच्या अलीकडंच असतो.